खदानीवरची खोली

आपल्या गावाबाहेर माळावर जुनी खदान आहे. तिच्या कडेला दगडाच्या दोन पडक्या खोल्या आहेत. पूर्वी चार होत्या. काही मुले त्यांना भुताच्या खोल्या म्हणतात. पण तिथे भूत नाही. तिथे माझी आजी राहत होती.

१९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. मराठवाड्यात फार हाल झाले. तेव्हा आपला जालना जिल्हा नव्हता, तो १ मे १९८१ रोजी झाला. लोकांचे पोट भरावे म्हणून सरकारने खडी फोडण्याची, रस्त्यांची व तलावांची कामे काढली. आम्ही वडार समाजाचे. दगड फोडणे हा आमचा जुना धंदा. आजीचे वडील सुरुंग लावून, पहारीने मोठे दगड काढायचे. गावातली माणसे ते हातोड्याने फोडून खडी करायची. कामावर खायला सुकडी मिळायची. आजी तेव्हा माझ्याएवढी होती.

राहायला घर नव्हते. म्हणून कामगारांनी खदानीतल्या टाकाऊ दगडांच्या खोल्या बांधल्या. मी एक खोली मोजली. ती लांब १० पावले व रुंद ८ पावले आहे. भिंतीला सिमेंट नाही. दोन्ही अंगांना मोठे दगड आणि मधे चिपा व माती भरलेली आहे. मी विचारले, "मग पडत कशी नाही?" आजी म्हणाली, "लेकरा, दगडावर दगड नीट बसला की वजनानंच भित उभी राहती."

दारावर एकच लांब दगड आहे. फार लांब दगड मधेच मोडतो, म्हणून दार अरुंद ठेवतात. वर पत्रे होते. सुरुंगाच्या वेळी लाल झेंडा दाखवत. मग सगळे लांब पळत. उडालेल्या दगडांनी पत्र्याला भोकं पडायची. पुढे पाऊस आला तेव्हा आजी भोकाखाली पातेलं ठेवायची.

आता लोक बांधासाठी या खोल्यांचे दगड नेतात. दोन खोल्या अशाच गेल्या. आलेल्या पालकांना माझी विनंती आहे, राहिलेल्या खोल्यांचे दगड नेऊ नका. त्या साली तुमच्याही आजी-आजोबांनी तिथे खडी फोडली असेल. घरी विचारून बघा.

माझी आजी शाळेत गेली नाही. तिने सांगितले, मी लिहिले.