नावावर जाऊ नका

मराठीत एक म्हण आहे : 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.' कथील हा हलक्या किमतीचा धातू. नावात सोने, पण हातात कथलाचा दागिना! संगणकाच्या बाजारात ही म्हण तुम्हांला नक्की आठवेल.

समजा, तुमच्या अब्बांनी पैसे साठवून जुना संगणक घ्यायचे ठरवले आहे. दुकानदार म्हणतो, "हा सेलेरॉन, हा पेंटियम सिल्व्हर, तो पेंटियम गोल्ड." यांतला कोणता घ्यावा? नुसत्या नावावरून ते कळेल का?

ही नावे प्रोसेसरची आहेत. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू. पूर्वी त्याची ओळख आकड्यांनी होत असे : २८६, ३८६, ४८६. पण दुसऱ्या कंपन्याही तेच आकडे वापरू लागल्या. नुसत्या आकड्यावर एकट्याचा हक्क सांगता येईना. म्हणून इंटेल कंपनीने १९९३ साली आपल्या नव्या प्रोसेसरला 'पेंटियम' हे नाव दिले. ग्रीक भाषेत 'पेंटे' म्हणजे पाच. फार्सीतला 'पंज' आणि मराठीतला 'पाच' हे त्याचेच भाऊबंद!

त्या काळी पेंटियम हे मोठे मानाचे नाव होते. पुढे १९९८ साली कमी किमतीचा 'सेलेरॉन' आला. किंमत उतरावी म्हणून पहिल्या सेलेरॉनमधून एक कॅश काढून टाकली होती. कॅश म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेली छोटी, वेगवान स्मृती. स्वयंपाक करताना मसाल्याचा डबा जवळ असावा, तशी. डबा जवळ नसेल, तर प्रत्येक चिमटीसाठी उठावे लागते. त्या सेलेरॉनचेही तसेच होई.

त्याच वर्षी 'सेलेरॉन ३००' आणि 'सेलेरॉन ३००ए' असे दोन प्रोसेसर बाजारात होते. दोघांचाही वेग ३०० मेगाहर्ट्झ. पण '३००ए'मध्ये १२८ किलोबाइट कॅश होती, '३००'मध्ये ती नव्हती. फरक मोठा, पण तो सांगायला नावात एकच अक्षर!

२००६ साली 'कोअर' हे नवे नाव आले आणि पेंटियम खालच्या पायरीवर गेला. २०१७ साली त्याचे 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' असे दोन प्रकार झाले. नाव जुन्या मानाचे, त्यावर सोन्याचा मुलामा. पण पायरी खालचीच! शेवटी २०२३ साली नव्या लॅपटॉपसाठी पेंटियम आणि सेलेरॉन ही दोन्ही नावे सोडून कंपनीने 'इंटेल प्रोसेसर' एवढेच नाव ठेवले. दोन मुलांची नावे पुसून दोघांनाही 'मुलगा' अशी हाक मारावी, तसे हे झाले.

मग काय करावे? प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक वहीत लिहून घ्या. तो कोणत्या वर्षी निघाला, त्यात कोअर किती, कॅश किती, हे पाहा. स्वस्त वस्तू वाईटच असते असे नाही. पत्र लिहायला, धडा वाचायला साधा प्रोसेसरही पुरतो. पण आपण कशाचे पैसे देत आहोत, हे आपल्याला कळले पाहिजे. पैसा घामाचा असतो.

स्वाध्याय
१. पहिल्या सेलेरॉनमध्ये कोणती उणीव होती?
२. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' या म्हणीसारखी उर्दूतील एखादी म्हण सांगा.
३. घरातील एखादी वस्तू घेताना तुम्ही काय काय पाहाल? पाच वाक्ये लिहा.