जुनी गाडी, चालती गाडी (लेखांक ६) : रेडिएटरचे पाणी जाते कुठे?

मागच्या आठवड्यात पंख्याचा पट्टा ताणून घेतला. आता तोच पट्टा ज्या पंपाला फिरवतो, त्या पंपाच्या पाण्याकडे वळू.

मे महिन्यात भिलाईत पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्या दिवसांत जुनी अँबॅसडर बाळगणाऱ्याच्या डिकीत पाण्याचा कॅन असतोच. सकाळी रेडिएटरचे झाकण काढायचे, कमी झालेले पाणी नळावरून आणून ओतायचे आणि निघायचे. सेक्टरमधून सिव्हिक सेंटरपर्यंत काही बिघडत नाही. नागपूरची वाट धरली, की बागनदीच्या आसपास तापमानाचा काटा चढू लागतो. उपाय पुन्हा तोच: थांबा, निववा, पाणी घाला.

या वरचेवर घातलेल्या पाण्यातच दुखण्याचे मूळ आहे. अँबॅसडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाचा ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे, तर रेडिएटर तांब्या-पितळेचा, झाळून जोडलेला. कुर्ल्याला बनलेल्या पद्मिनीत हेड ॲल्युमिनियमचे, म्हणजे एकाच पाण्यात आणखी एका धातूची भर. ताज्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू असतो. तो बीड गंजवतो. तेच पाणी बंद चक्रात फिरत राहिले, तर प्राणवायू संपतो आणि गंजणे मंदावते. क्षारांचेही तसेच. तापल्यावर ते भिंतींवर थर धरतात, पण एका पाण्यात क्षार असून असून किती असणार? रोज नवे पाणी ओतणारा माणूस प्राणवायू आणि क्षार यांचा रोजचा रतीब लावतो. गंजाचे कण नळ्यांत साचतात, थर वाढतो, इंजिन जास्त तापते, दाब चढतो आणि झाळकामातला सर्वांत कच्चा सांधा उघडतो. मग पाणी आणखी लवकर संपते.

भिलाईकराला हे नवे नाही. इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. अँबॅसडरही साधारण त्याच काळातली. भट्टीत गरम हवा सोडणाऱ्या तांब्याच्या तोट्या आत फिरणाऱ्या पाण्याच्या जोरावरच टिकतात. आधुनिक भट्ट्यांच्या बंद चक्रात क्षार काढलेले पाणी वापरतात, कारण आत थर धरला तर उष्णता अडते आणि तोटी जळते. कारखान्यात पाण्याची एवढी काळजी घेणारा माणूस घरच्या गाडीत मात्र नळाचे पाणी ओततो!

आता शोध. पहिला नियम: गरम इंजिनाचे झाकण उघडायचे नाही. दाबाखालचे पाणी क्षणात उसळते आणि तोंड-हात भाजतात. रेडिएटरची वरची टाकी हाताला सोसेल इतकी निवू द्या.

संशय आधी झाकणावरच घ्या. जुन्या गाड्यांत बहुधा कमी दाबाची, सात पौंडांच्या आसपासची कॅप असते. सात पौंडांनी पाण्याचा उत्कलनबिंदू दहा-बारा अंशांनी वर जातो. स्प्रिंग मेलेली असेल, तर पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून निघून जाते आणि गळती कुठेच दिसत नाही. उलट, नव्या गाडीची तेरा-पंधरा पौंडांची कॅप बसवली, तर जुने सांधे फुटतात.

झाकण ठीक असेल, तर हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावून कॅपवर लिहिलेल्या आकड्याइतकाच दाब द्या आणि काट्यावर नजर ठेवा. काटा उतरला, तर टॉर्च घेऊन या क्रमाने बघा: होजची टोके, टाकी आणि जाळी यांचा सांधा, पंपाखालचे बारीक भोक, ब्लॉकच्या कडेचे कोअर प्लग. पंपाच्या भोकातून थेंब येत असेल, तर आतले सील गेले आहे; ते भोक बुजवू नका. पंखा थेंब मागे उडवतो, म्हणून ओली जागा सापडली तरी उगम पुढे शोधा. पाणी वाळते, पण क्षारांचा पांढरा किंवा गंजाचा तांबूस ओघळ मागे राहतो. बाहेर सगळे कोरडे असून काटा उतरत असेल, रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील किंवा तेल दुधाळ झाले असेल, तर हेड गॅस्केटकडे वळावे लागते.

आता गळती थांबवायला रेडिएटरमध्ये टाकतात त्या हळदीबद्दल. ट्रकवाल्यांचा हा जुना तोडगा खरेच चालतो: पूड पाण्याबरोबर भोकापर्यंत जाते, फुगते आणि तिथे अडकते. पण रेडिएटरच्या चपट्या नळ्याही तितक्याच अरुंद असतात, आणि पुडीला भोक कोणते नि नळी कोणती हे कळत नाही. रस्त्यात अडलात, तर घर गाठण्यापुरती वापरा. पोहोचल्यावर सगळे पाणी काढून आतून धुवा.

रेडिएटर गळत असेल, तर तो उतरवून कसबी माणसाकडे न्या. जीई रोडसारख्या ट्रकांच्या रस्त्यावर असा माणूस मिळतो. तो टाकी खोलेल, नळ्यांत सळी मारून गाळ काढेल, सांधे घासून झाळेल आणि हौदात बुडवून हवेच्या दाबाने तपासेल. एखाद-दुसरी नळी बंद करावी लागली तर चालते. पाच-सहा बंद करायची वेळ आली, तर नवी जाळीच बसवून घ्या.

भरताना बॅटरीसाठी मिळते ते क्षारमुक्त पाणी घ्या आणि त्यात एक तृतीयांश कूलंट मिसळा. आपल्याकडे पाणी गोठत नाही. कूलंट लागते ते त्यातल्या गंजरोधकासाठी. झाळलेल्या पितळी रेडिएटरला पारंपरिक, सिलिकेट असलेले कूलंट मानवते. रंगावर जाऊ नका, डब्यावरचा मजकूर वाचा. दर दोन वर्षांनी ते बदला. जुने कूलंट अंगणात ओतू नका: ते चवीला गोड आणि विषारी असते, कुत्री-मांजरे चाटतात. भरल्यावर झाकण उघडे ठेवून इंजिन थंड असतानाच सुरू करा, म्हणजे अडकलेली हवा निघेल. पातळी स्थिरावली, की झाकण लावा. त्यानंतर महिनाभर दर रविवारी सकाळी पातळी बघा. ती हलली नाही, तर डिकीतला कॅन फक्त अडीअडचणीसाठी ठेवा, आणि त्यातही क्षारमुक्त पाणीच भरा.

पुढील आठवड्यात : ‘गाडी तापते? थर्मोस्टॅट काढून टाका’ हा सल्ला मेकॅनिक का देतात आणि तो का ऐकू नये.