वळवाला न भुलणारं बी

कासच्या पठारावर गर्दी लोटते ती भाद्रपदात, फुलांसाठी. बियांची गोष्ट समजून घ्यायची तर मे महिन्यात जावं. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर, सुमारे १,२०० मीटर उंचीवरचा हा जांभा तेव्हा तव्यासारखा तापलेला असतो. खळग्यांत बोटभर माती, आणि पुढच्या पावसाळ्यातली बहुतेक फुलं त्या मातीत बी होऊन पडलेली. सांगली जिल्ह्याच्या बाजूला, चांदोलीतल्या सड्यांवरही हेच. कास आणि चांदोली ही दोन्ही ठिकाणं २०१२पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

समजा, मेमध्ये वळीव कोसळला. ओल आली, ऊब होतीच. पण त्या एका सरीवर बी रुजलं, तर चार दिवसांत कोंब करपणार. म्हणून इथल्या एका पावसाळ्याच्या झाडांपुढे ‘रुजायचं कसं’ यापेक्षा ‘कधी’ हा प्रश्न मोठा.

बी आधी नुसतं पाणी शोषून फुगतं. मग आतली विकरं जागी होतात, साठवलेलं अन्न विरघळू लागतं आणि शेवटी मूळ बाहेर पडतं. मूळ बाहेर पडेपर्यंत माघार घेता येते: बी पुन्हा वाळलं तरी सहसा मरत नाही. मूळ दिसलं की परतीची वाट बंद. एका वळवाची ओल बऱ्याचदा तिथवर पुरतच नाही. शिवाय ताज्या बीमध्ये ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक रुजणं रोखून धरतं. अनेक रानबियांमध्ये कोरड्या, उष्ण महिन्यांत त्याचा जोर ओसरतो आणि रुजण्याला चालना देणाऱ्या जिबरेलिन या संप्रेरकाला वाव मिळतो. उन्हाळा अशा बियांना पिकवतो म्हणायला हरकत नाही.

कवल्याचं (हौशी पर्यटकांच्या ‘मिकी माऊस’चं) कुळ शेंगांचं. या कुळात बऱ्याच बियांच्या कवचातून पाणीच आत शिरत नाही. तापण्या-निवण्याने कवचाला बारीक चीर पडावी लागते, आणि ती सगळ्यांना एकाच वर्षी पडत नाही. काही बिया मातीतच शिल्लक राहतात. एखादा मृग कोरडा गेला तरी वाण बुडत नाही, ते यामुळे. गेंद आणि सीतेची आसवं यांच्या बिया धुळीएवढ्या. एवढ्याशा बीत अन्नाचा साठा नावापुरताच. ती खोल गाडली गेली, तर कोंब वर पोचण्याआधीच शिदोरी संपेल. पायांनी तुडवलेल्या चिखलाचं भय मला म्हणूनच फुलं तोडण्याहून जास्त वाटतं.

कारवीचा हिशेब निराळा. सात वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. वाळलेली बोंडं फट्कन फुटून बी दूर उडवतात. त्या पिढीची सगळी भिस्त त्या एका पेरणीवर.

आणि वायतुरा तर उलटीच रीत पाळतो. जगात फक्त सह्याद्रीच्या या टापूत सापडणारी, साताऱ्याचं नाव शास्त्रीय नावात मिरवणारी ही पाणवनस्पती १९८२ साली शास्त्रात नोंदली गेली. तिच्या गोतातल्या बियांना सहसा सुप्तावस्था नसते. वाळल्या की त्या संपल्या. पाण्यात पडताच रुजायचं आणि डबकं आटण्याआधी चिखलात इवलासा कंद धरायचा. उन्हाळा काढायचा तो कंदाने. तेव्हा कवल्याचं बी कोरड्या बरणीत ठेवता येईल, पण वायतुऱ्याला राखायचं तर त्याचं डबकंच राखावं लागतं.