पडक्या जागेचे अंगण

युरोपात हॉलंड नावाचा देश आहे. ॲमस्टरडॅम हे त्यातले मोठे शहर. १९४० ते १९४५ या काळात तिथे जर्मन फौजांचा अंमल होता. त्यांनी शहरातल्या ज्यू लोकांना बायकामुलांसकट पकडून नेले. त्यांतले बहुतेक परत आलेच नाहीत. त्यांची घरे ओस पडली. १९४४ च्या हिवाळ्यात शहरात धान्य नाही, जळण नाही. थंडी तर जीवघेणी. लोकांनी त्या ओस घरांच्या तुळया, दारे, जिने काढून जाळले. लाकूड गेले तशा भिंतीही कोसळल्या. लढाई संपली तेव्हा कितीतरी गल्ल्यांत नुसत्या पडक्या जागा उरल्या.

आणि मुले? मुलांना खेळायला जागाच नाही.

शहराच्या नगरपालिकेत आल्डो व्हॅन आइक नावाचा तरुण आर्किटेक्ट, म्हणजे इमारतींचे नकाशे काढणारा, नोकरीला होता. १९४७ साली त्याने एका चौकात मुलांसाठी पहिले अंगण केले. त्यात काय होते? वाळूचा एक खड्डा, त्याला रुंद कट्टा. वाळूत चार गोल दगड. कोलांट्या मारायला लोखंडी दांडे. कडेने झाडे आणि बाके. बस्स, एवढेच!

पण खुबी पाहा. कट्टा रुंद, म्हणून मूल वाळूत खेळते आणि आई तिथेच टेकते. खड्डा मधोमध नाही, एका कोपऱ्याला. म्हणून बाकीची जागा पळायला मोकळी. हत्ती-घोड्यांची खेळणी त्याने ठेवली नाहीत. तोच दांडा आज घोडा, उद्या गलबत. ते मुलाने ठरवायचे.

आम्हांला हे फार पटते. नाहीतर पुष्कळ बागा नुसत्या पाहायला असतात. तारेचे कुंपण, 'गवतावर चालू नये' अशी पाटी, आणि फाटकाला कुलूप!

मग दुसऱ्या गल्ल्यांतले लोक नगरपालिकेला पत्रे लिहू लागले. आमच्याकडेही अशी जागा पडून आहे, तिथेही करून द्या. कुठे तिकोनी जागा, कुठे दोन घरांमधली चिंचोळी. वस्तू बहुधा त्याच, मांडणी मात्र जागेप्रमाणे निराळी. १९७८ पर्यंत अशी ७०० हून अधिक अंगणे झाली. पुढे त्यांतली बरीचशी गेली. थोडी अजून आहेत.

तुमच्या गावातही एखादी पडकी जागा असेल. ती कोणाची, हे आधी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या नोंदवहीत पाहावे. पंचायतीची असली तर ग्रामसभेत अर्ज द्यावा. अर्ज आता तुम्हांला लिहिता येतो. नकाशा काढण्याआधी दोन दिवस तिथे नुसते बसून पाहावे. बायका पाण्याला कुठून जातात, म्हातारी माणसे कुठे टेकतात, पावसाचे पाणी कुठे साचते. पायवाट असेल तिथे बाक नको. आपल्याकडे ऊन कडक, लोखंड तापते. म्हणून पश्चिमेच्या बाजूला कडुनिंब लावावा. वाळूत कुत्री घाण करतात, तेव्हा ती अधूनमधून बदलावी लागते. ते काम कोणाकडे, हेही त्याच सभेत ठरवून घ्यावे.