उंदराच्या बीजाला साखर पचत नाही

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 46-47 वर जातो, तेव्हा दुपारी कूलरपुढून कुणी हलत नाही. अशाच एका दुपारी मी शहरातल्या एका टेस्ट ट्यूब बेबी सेंटरमध्ये मित्राकडे बसलो होतो. कुरिअरवाला थर्माकोलची पेटी घेऊन आला. सही करायच्या आधी मित्रानं पेटी उघडली, आतल्या बर्फाच्या पिशव्या एकेक दाबून पाहिल्या आणि एक लहानशी बाटली काढून पटकन फ्रिजमध्ये ठेवली. सोबतचा कागद मी वाचला. लॉट नंबर, तारीख, आणि खाली उंदराच्या भ्रूणांवर घेतलेल्या चाचणीचा निकाल.

"माणसाच्या औषधात उंदीर कुठून आला?"

"औषध नाही रे, मीडिया. अन् ते आधी उंदराला चालते का पाहतात, मग माणसाला."

आईबापांच्या पेशी डिशमध्ये ज्या पाण्यात भेटतात आणि गर्भ पहिले काही दिवस ज्यात वाढतो, ते हे पाणी. प्रत्येक लॉटमधल्या थोड्या पाण्यात उंदराचे एक-दोन पेशींचे भ्रूण सोडतात. चार दिवसांत त्यातले साधारण 80 टक्के तरी पोकळ चेंडूसारख्या अवस्थेला, म्हणजे ब्लास्टोसिस्टला पोचले, तर लॉट पास.

पाण्यात असतं काय? एका प्रचलित पाककृतीत लिटरमागे सुमारे 6 ग्रॅम मीठ, 2 ग्रॅम खायचा सोडा, अर्धा ग्रॅम ग्लुकोज, चिमूटभर पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम. इथवर जुलाबाच्या पेशंटला द्यायच्या मीठ-साखरेच्या पाण्याचंच भावंड. पुढं मात्र लॅक्टेट येतं, 36 मिलिग्रॅम पायरुव्हेट येतं, आणि रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन. हे 36 मिलिग्रॅम कळायला माणसाला कित्येक वर्षं लागली.

1956 मध्ये ऑस्ट्रेलियात वेस्ली व्हिटन यांनी क्षार, ग्लुकोज आणि अल्ब्युमिन एवढ्यावर उंदराचे आठ पेशींचे भ्रूण ब्लास्टोसिस्टपर्यंत वाढवले. दोनच वर्षांनी ॲन मॅक्लारेन आणि जॉन बिगर्स यांनी असे डिशमध्ये वाढलेले भ्रूण दुसऱ्या उंदरिणीच्या गर्भाशयात ठेवले आणि जिवंत पिल्लं जन्मली. पण आठ पेशींच्या आधीचा भ्रूण त्याच पाण्यात मरायचा. लॅक्टेट घातल्यावर दोन पेशींचा तगला. एका पेशीचा तरीही नाही.

कारण कळलं तेव्हा सगळे चक्रावले असणार. ज्या साखरेवर आपला मेंदू चालतो, ती उंदराच्या बीजाला पहिल्या दिवशी वापरताच येत नाही. त्याला साखर अर्धी मोडून हवी असते, आणि साखर मोडून तयार होणारा पदार्थ म्हणजेच पायरुव्हेट. अंडाशयातून बीज सुटतं ते एकटं नसतं. भोवती हजारो लहान पेशींचं चिकट मखर असतं. त्या पेशी साखर खातात आणि पायरुव्हेट बीजाकडे सरकवतात. दात न आलेल्या लेकराला भात कुस्करून भरवावा, तसं. राल्फ ब्रिन्स्टर यांनी 1960च्या दशकात हे पायरुव्हेटचं गणित पुढं नेलं. पाण्याचे बारीक थेंब पॅराफिन तेलाखाली ठेवायची युक्तीही त्यांचीच. मित्राच्या डिशमध्ये आजही तसेच थेंब असतात, मुलांनी खेळताना मांडलेल्या गोट्यांसारखे गोल.

शुक्राणूंचं वेगळंच. ताजा शुक्राणू बीजात शिरूच शकत नाही. 1951 मध्ये चँग आणि ऑस्टिन यांना हे वेगवेगळं कळलं. आधी त्याला मादीच्या शरीरात काही काळ काढावा लागतो. डिशमध्ये हे काम अल्ब्युमिन आणि सोडा करतात. अल्ब्युमिन शुक्राणूच्या आवरणातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं, आवरण सैल होतं, शेपटी जोरात आपटू लागते. 1968 मध्ये डेव्हिड व्हिटिंगहॅम यांनी उंदराच्या बीजाचं डिशमध्ये फलन केलं, पण शुक्राणू उंदरिणीच्या गर्भाशयातून घेतलेले होते. 1971 मध्ये जपानच्या तोयोदा यांच्या गटानं नराकडून थेट घेतलेले शुक्राणू पाण्यातच तयार करून दाखवले. म्हणजे मादीचं तेवढं काम पाण्यानं शिकून घेतलं.

तरी कित्येक जातींच्या उंदरांचे भ्रूण दोन पेशींवर येऊन अडायचे. आईनं दिलेली शिदोरी संपून भ्रूणाची स्वतःची जनुकं कामाला लागतात, ती हीच घडी. बिगर्स आणि जोएल लॉविट्स यांनी मग अंदाज बांधणं सोडलं. एका पाककृतीचा निकाल गणिताला द्यायचा आणि पुढची पाककृती त्यालाच विचारायची. उत्तर आलं ते कमी मिठाचं आणि अगदी नावापुरत्या साखरेचं. मला हा प्रकार फार आवडतो. एवढे नावाजलेले लोक, आणि मिठाचा अंदाज गणिताकडून घेतात.

1985 मध्ये माणसाच्या बीजनलिकेतल्या द्रवावर बेतून एक मीडिया तयार झाला. गंमत म्हणजे आता प्रयोगशाळांमध्ये उंदरांचं फलनही सर्रास त्यातच करतात. पुढच्याच वर्षी, 6 ऑगस्ट 1986 रोजी, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी हर्षा जन्मली.

दर प्राण्याच्या बीजाची आवड मात्र निराळी. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत 1990 मध्ये डिशमधल्या फलनातून म्हशीचं रेडकू झालं, आणि 2014 मध्ये तिथंच छत्तीसगडच्या रानम्हशीच्या पेशीपासून क्लोन तयार केला. आपल्या गडचिरोलीत, कोलामार्काच्या जंगलात, रानम्हशींचा छोटा कळप अजून आहे. मी मित्राला विचारलं, त्यांच्या बीजाला काय लागेल?

त्यानं इन्क्युबेटरचा आकडा पाहिला. 37. बाहेर 46.

"आधी त्यांना जंगल लागेल," तो म्हणाला. "मिठाचं मग पाहू."