‘वराह’ शब्दाचा अर्थ व मूळ

ताम्रपट व जुने कागद वाचणारांस ‘वराह’ हा शब्द कधीं देवनाम, कधीं राजचिन्ह, तर कधीं नाणें म्हणून भेटतो. मूळ शब्द मात्र रानडुकराचा, त्यांतहि सुळेवाल्या नराचा आहे.

यास्कानें निरुक्तांत ‘वराह’ प्रथम मेघवाचक धरून ‘वर’ म्हणजे उत्तम आहार आणणारा, असा त्याचा विग्रह केला, व चांगलीं चांगलीं मुळें उपटतो म्हणून पशूसहि तेंच नांव, असेंहि सुचविलें. कल्पना चतुर खरी. पण ‘आहार’ यांतील अखेरचा रकार कोठें गेला, हें ती सांगत नाहीं. शिवाय हा शब्द एकट्या संस्कृताचा नव्हे. अवेस्तेंत तो ‘वराज़’ असा आढळतो. संस्कृत हकाराजागीं अवेस्तेंत जकार येणें नियमितच आहे: हस्त–ज़स्त, बाहु–बाज़ु. (आपला ‘बाजूबंद’ फारशींतून आला तो याच घराण्यांतला.) तेव्हां भारतीय व इराणी शाखा विभक्त होण्यापूर्वींच हा शब्द रूढ होता, असें मानणें प्राप्त आहे.

अर्थाविषयीं अवेस्तेंतील मिहिरयश्ताची साक्ष मोलाची आहे. मिथ्रापुढें धांवणाऱ्या वेरेथ्रघ्नाचें रूप सांगतांना तेथें ‘हू’ व ‘वराज़’ हे दोन्ही शब्द एकत्र योजिले आहेत. ‘हू’ म्हणजे डुकराची जात. आपल्या ‘सूकर’ शब्दांतील ‘सू’ तोच. ‘वराज़’ हा त्यांतील उग्र नर. ऋग्वेदांत रुद्रास द्युलोकींचा वराह म्हटलें आहे, तेंहि याच उग्रतेस अनुसरून. इराणांत हें बिरुद पुढें माणसांसहि मिळालें: इ. स. ६१४ त यरुशलेम घेणाऱ्या सासानी सेनापतीस ‘शह्रवराज़’, म्हणजे राज्याचा वराह, म्हणत. अर्वाचीन फारशींतील ‘गुराज़’ हें त्याच शब्दाचें रूप. वृकाचा ‘गुर्ग’ झाला त्याच रीतीनें.

इकडे बदामीच्या चालुक्यांनीं वराह ताम्रपटांच्या मुद्रेवर घेतला. प्रतीहार भोजाच्या द्रम्मांवर ‘श्रीमदादिवराह’ अशीं अक्षरें व वराहमूर्ति आहे, आणि सियाडोणीच्या लेखांत त्याच नांवानें त्या द्रम्मांचा उल्लेख येतो. दक्षिणेंत मात्र ‘वराह’ हें सुवर्णनाण्याचें सामान्य नांव होऊन बसलें. विजयनगरच्या दुसऱ्या हरिहराच्या नाण्यांवर उमामहेश्वर असून तींहि वराहच. यास्तव हिशेबी कागदांत ‘वराह’ आढळला म्हणजे संग्रहांतील डुकराचें चित्र असलेलेंच नाणें त्यास जोडूं नये. त्या प्रांतीं त्या काळीं कोणता होन चालत होता, तें आधीं पाहावें.