वारा अडवा, घाम जाऊ द्या

डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर सायकलींचे लाल दिवे लोणावळ्याच्या दिशेने जाताना दिसतात. निगडी, देहूरोड, सोमाटणे फाटा, वडगाव आणि मग कामशेतची खिंड. खिंडीचा चढ चढताना अंग तापतं. पलीकडचा उतार संपून सायकल इंद्रायणीच्या खोऱ्यात उतरली की गारठा एकदम झोंबू लागतो. खाली उतरल्यावर ऊब वाढायला हवी, इथे नेमकं उलटं होतं.

निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते. तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते, डोंगरउतारावरून खाली सरकते आणि इंद्रायणी-पवनेच्या खोऱ्यांत साचते. पहाटे लोहगडावर असणाऱ्याला खालचं धुकं दिसतं ते यामुळेच, आणि माथ्यावर पुष्कळदा खालच्यापेक्षा गारठा कमीच असतो. ऊन चढलं की ही साचलेली हवा हलते. म्हणून मावळात पहाटे दहा अंशांच्या आसपास असलेला पारा दुपारी तिशीच्या घरात पोचतो. सायकलवर काय घालायचं, हा प्रश्न इथे म्हणूनच अवघड आहे. एकाच फेरीत दोन ऋतू सांभाळायचे असतात.

त्यात सायकलस्वार स्वतःचा वारा स्वतःच निर्माण करतो. आपल्या त्वचेभोवती शरीराने तापवलेल्या हवेचा पातळ थर असतो. वाऱ्याने तो उडाला की शरीराला नवा थर तापवावा लागतो, तोही लगेच उडतो. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या संशोधकांनी १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला अंटार्क्टिकात प्लॅस्टिकच्या नळकांड्यातलं पाणी वाऱ्यात किती वेळात गोठतं हे मोजलं, तिथून वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या गारठ्याचं गणित सुरू झालं. २००१मध्ये सुधारलेल्या सूत्रानुसार, हवा १० अंशांवर असेल आणि वारा ताशी ३० किलोमीटरचा असेल, तर उघड्या चेहऱ्याला साधारण साडेसहा अंशांइतका गारठा जाणवतो. हवा स्वतः आणखी थंड झालेली नसते, अंगातली ऊब जाण्याचा वेग वाढलेला असतो.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे जाड स्वेटर, आणि सायकलवर तोच दगा देतो. पायांचे स्नायू वापरलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा पेडलला देतात, बाकीची उष्णता होते. पेडलवर १५० वॉट पडत असतील, तर अंगात साडेचारशे ते पाचशे वॉट उष्णता तयार होत असते. स्वेटरच्या आत घाम साचतो, सुती बनियन ओलं होऊन पाठीला चिकटतं. लोणावळ्याहून पवनानगरकडे जाताना दुधिवरे खिंडीपर्यंत हे खपून जातं. खिंडीपलीकडच्या उतारावर पाय थांबतात, उष्णता तयार होणं एकदम कमी होतं, वारा मात्र दुप्पट होतो. पाणी हवेच्या जवळपास पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं, आणि एक लिटर घाम वाळताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. दात वाजू लागतात ते इथे, चढावर नव्हे.

म्हणून माझं ठाम मत आहे की मावळच्या थंडीत जाडी महत्त्वाची नाही. अंगालगत घाम बाहेर खेचणारा पातळ पॉलिएस्टरचा किंवा मेरिनो लोकरीचा थर हवा. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत बाष्प शोषते, तरी ओली लागत नाही. घोंगडी पांघरून रानात रात्र काढणाऱ्या धनगरांना हा गुण पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्यावर छातीला वारा अडवणारं, पाठीला जाळी असलेलं बिनबाह्यांचं विंडचीटर पुरतं. ते घडी करून जर्सीच्या मागच्या खिशात मावायला हवं. टूर द फ्रान्समधले स्वार घाटमाथ्यावर पोचले की उतारापूर्वी छातीशी वर्तमानपत्र खोचत, त्यामागचं शास्त्र हेच. कागद वारा अडवतो आणि घड्यांमध्ये हवा धरून ठेवतो. अडीअडचणीला घरातलं वर्तमानपत्रही तेवढंच काम करील.

हातमोज्यांना मात्र पर्याय नाही. थंडीत शरीर बोटांकडचा रक्तपुरवठा आखडतं, आणि बधिर बोटांनी उतारावर ब्रेक नीट दाबता येत नाही.

डोळ्यांकडे सगळ्यांत कमी लक्ष दिलं जातं, याचं मला वाईट वाटतं. बुबुळावर अश्रूंचा जो थर असतो, त्याची जाडी मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकीच असते. समोरून येणारा कोरडा, गार वारा तो भराभर वाळवतो. पारपटलातल्या थंडी ओळखणाऱ्या चेतातंतूंवर टीआरपीएमएट नावाचं प्रथिन असतं. पुदिन्यातलं मेंथॉल गार लागतं तेही याच प्रथिनामुळे. ते शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१चं नोबेल मिळालं. गारवा जाणवला की हे तंतू अश्रुग्रंथींना हुकूम सोडतात आणि डोळे वाहू लागतात. डोळ्यांतून नाकात जाणारी नळी बारीक, तिला एवढं पाणी पेलत नाही. ते गालांवर ओघळतं, आणि समोरचा खड्डा धूसर होतो.

त्यासाठी कडा चेहऱ्याला लपेटणारा चष्मा हवा. चहाला थांबलं की त्यावर धुकं धरतं, कारण श्वासातलं दमट बाष्प गार काचेवर जमतं. सायकल हलली की वारा ते पुसून नेतो. थांबताना चष्मा नाकावर किंचित पुढे ओढला तरी हवा खेळती राहते. धुकं न धरणारा लेप पाण्याचे थेंब होऊ न देता त्याचा सपाट पापुद्रा करतो, म्हणून आरपार दिसतं. हा लेप शर्टाच्या टोकाने पुसून घालवू नये.

पहाटेच्या अंधारात काळा चष्मा लावणं धोक्याचं आहे. बिनरंगी किंवा फिकट पिवळी काच घ्यावी. दहानंतरच्या उन्हात डोळे उघडे पडतील, ही भीती बाळगू नये, कारण अतिनील किरण अडवण्याचं काम रंग करत नाही. चांगल्या चष्म्यांचं पॉलिकार्बोनेट बिनरंगी असतानाही ते जवळपास सगळे अडवतं. उलट गडद पण निकृष्ट काचेमागे बाहुली मोठी होते आणि हे किरण जास्तच आत शिरतात.